केइत्से मामांच्या दोन दोऱ्या

केइत्से मामांना त्या दिवशी रिवाजाप्रमाणे एक बैल मिळायचा होता. मेहुणा जाऊन वर्ष झालेलं. बहिणीच्या अंगावरचं काळं उतरवायचा शब्द माहेरच्या माणसाने द्यायचा, आणि त्याबद्दल मेहुण्याच्या गुरवाड्यातला एक बैल घेऊन घरी जायचं. एका बैलाला एक दोरी पुरते. मामा ओतुकिलेच्या गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या खांद्यावर कातड्याच्या दोन दोऱ्या होत्या, दोन्ही नव्या, दोन्ही चरबी चोळलेल्या.

झोपडीच्या दाराशी चटईवर बसलेल्या केबोनांगने त्या मोजल्या. वर्षभर काळ्या कपड्यात बसवलेल्या बाईला दोनच गोष्टी भरपूर मिळतात: उकाडा आणि मोजायला वेळ.

“आलास?”

“आलो, मा-ओतुकिले.” सख्ख्या बहिणीला थोरल्या लेकाच्या नावाने हाक मारली, म्हणजे आज मामा भाऊ म्हणून आले नव्हते, वडीलधारे म्हणून आले होते. “रस्ता काय विचारतेस! पण लेकराने गाडी हळू चालवली.”

“लेकरू पन्नाशीला टेकलंय.” तिने दोऱ्यांकडे हनुवटी केली. “दोन कशाला?”

“एखादी तुटली तर? माणसानं तयारीत असावं.”

“दोन्ही नव्या दिसतात.”

मामा हसले, टोपी सारखी केली आणि झाडाच्या सावलीकडे निघून गेले. केइत्से या नावाचा अर्थ ‘मला ठाऊक आहे’. आपल्या आईबापांनी पाळण्यातल्या पोराचं नाव ठेवायला जरा घाईच केली, असं केबोनांग पूर्वी, हसायची तेव्हा, म्हणायची.

दुसऱ्या दोरीचा हिशेब असा होता. चौतीस वर्षांपूर्वी केबोनांगची लेक खोमोत्सो जन्मली, त्या आठवड्यात तिच्या बापाने एका तांबड्या कालवडीच्या उजव्या कानाला वरून चीर पाडली आणि म्हटलं, ही पोरीची. त्या कालवडीचा वेल आज एकोणीस जनावरांवर गेला होता. चीर आंधळ्यालासुद्धा चाचपून कळली असती. ती कोणासाठी पाडली, हे सांगणारी दोनच माणसं उरली होती. एक केबोनांग, पण विधवेचा शब्द वाटणीत धरत नाहीत. दुसरे मामा. मामांना आठवलं तर एकोणीस खोमोत्सोची. नाही आठवलं तर गुरवाड्यातली त्रेसष्टच्या त्रेसष्ट थोरल्या ओतुकिलेची, आणि त्यातली एक गाभण गाय मामांची, विसरल्याबद्दल.

म्हणून तर मामांनी हट्ट धरला होता की काळं उतरवणं गावातल्या घरी नको, इथे गुरांच्या ठाण्यावरच करू. जनावरं डोळ्यांसमोर असली की भांडण होत नाही. भावकी कुरकुरली. राजधानी गाबोरोनेपासून पाच तास, त्यातले दोन वाळूत. पण एक बैल आदल्या दिवशीच कापून हंड्यांत शिजत ठेवला होता, आणि मांसाच्या वासावर भावकी याहून लांब गेलेली आहे.

मोत्लोपीच्या झाडाखाली चार खुर्च्या होत्या आणि पुरुषही चार: मामा, ओतुकिले आणि बापाचे दोन चुलतभाऊ, जे वर्षभरात पहिल्यांदा इकडे फिरकले होते. खोमोत्सो उपड्या बादलीवर बसली. तिने मांडीवर वही घेतली होती. वही पाहूनच थोरला चुलता दमल्यासारखा झाला.

“ही आपली ढेकरा मोजणारी,” तो म्हणाला. “खरंच मोजतेस का गं? गाईच्या तोंडाला कान लावून?”

“नाही काका. गाईच्या ढेकरातल्या वायूनं हवा तापते. जे जनावर पाच वर्षं चरून मग कापायला जातं, ते पाच वर्षं ढेकरा देतं. माझं अडीच वर्षांत जातं.”

“म्हणजे निम्म्या ढेकरात काम!”

सगळे हसले. तीही हसली. न हसणाऱ्या बाईला बोलू देत नाहीत, हे ती सरकारी शेतीखात्याच्या नोकरीत शिकली होती. बाकीचं सगळं या गुरवाड्यात.

“हसू नका, काका,” ओतुकिले म्हणाला. बहिणीची बाजू त्याने एवढीच घेतली. “पण खोमोत्सो, कत्तलखान्यात ढेकर विकत घेत नाहीत, वजन घेतात. शेजारच्या त्या पिवळ्या विलायती सिमेंटल वळूची पोरं बघ. तीन वर्षांचा बैल म्हणजे भिंत. आपले बघ. बाबांनी शेवटी शेवटी गाई नाही, शेळ्याच पाळल्या.”

“दादा, त्या भिंतीची आई साडेपाचशे किलोची आहे. पाऊस दगा देतो त्या वर्षी ती गाभ धरत नाही. माझी पावणेचारशेची, दर वर्षी विते, गोचीड तिला फारसा लागत नाही, आणि पाण्यावाचून दोन दिवस काढते. गाय मोजू नकोस, गवत मोज. तेवढ्याच गवतात किती वासरं उभी राहतात ते बघ.”

“आणि डिझेल? ते कोण मोजतं?” ओतुकिलेचा आवाज चढला नाही; त्याला चढवायला दम लागतो. “आठ वर्षं पंपाचं डिझेल मी भरतो. महिन्याअखेर गाडी मारत येतो, टाकी भरतो, परत जातो. बाबा विचारायचे, ओतुकिले, डिझेल आणलंस? कुठला वळू ठेवू, हे एकदा तरी विचारलं?”

तिच्या वहीत डिझेलचा रकाना नव्हता. बापाने आणि तिने मिळून नव्वद जनावरांची त्रेसष्ट केली होती, एकेक निवडून. जिवंतपणी आपला कळप आपण होऊन लहान करणारा म्हातारा नक्की भ्रमिष्ट झाला, असं भावकीने ठरवून टाकलं. पण बोअरभोवती जिथे मोंगानाच्या काटेरी जाळीखेरीज काही उगवत नव्हतं, तिथे आता गुडघाभर पिवळं गवत होतं. बाकाने नावाचा गुराखी दर आठवड्याला कळप वेगळ्या दिशेला नेई आणि चरलेल्या बाजूला पाठ फिरवी. बापाचा त्शुमू नावाचा वळू, पांढऱ्या तोंडाचा, कमरेइतका उंच, आठ वर्षांच्या निवडीचा राजा होता. थोरल्या लेकाच्या हक्काने तो आता ओतुकिलेचा झाला होता, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. त्याचा एक खोंड तिच्या एकोणिसांत होता. एकोणीस हातात राहिली तर त्यांच्यावरच ही निवड पुढे नेता आली असती, पुन्हा नव्वदांपासून सुरुवात नको. गेली, तर आठ वर्षं म्हणजे नुसती वही.

“मामा,” ती म्हणाली, “एकच विचारते. उजव्या कानाची चीर कोणासाठी पाडली?”

मामांनी तपकीर काढली, चिमूट केली, ओढली, डोळे मिटले. “चिरा फार पाहिल्या गं मी. तुझ्या आजोबांचीही एक होती. वरून होती का खालून...”

“मामा.”

“आठवतोय ना! म्हाताऱ्याला घाई करू नये.”

तेवढ्यात बाकाने आला. धावणारा माणूस नव्हता तो. चालतच आला, पण टोपी हातात होती.

“नालेदी अडलीय,” तो खोमोत्सोकडे बघून म्हणाला. नालेदी म्हणजे कपाळावर पांढरा तारा असलेली कालवड, उजव्या कानाला चीर, पहिलं वेत. “पाणमोट फुटून तास झाला. एकच पाय बाहेर आलाय.”

खोमोत्सो उठली. मामांनी डोळे उघडले.

“बसा सगळे. वाटणी अर्ध्यावर टाकून उठलं की घर फुटतं.”

“बायकांनी उठलं तर चालतं ना?” ती म्हणाली आणि गेली.

ओतुकिले बसून राहिला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. बोटांवर मोजायची गरज नव्हती तरी त्याने मोजलं. नऊ भरत होते.

गुरवाड्यात नालेदी कुशीवर पडली होती, मान ताठ, डोळे पांढरे. खोमोत्सोने कोपरापर्यंत साबण लावला आणि कळ ओसरल्यावर हात आत घातला. एक पाय सरळ, एक मागे दुमडलेला, डोकं त्याच्यामागे. तिने खूर मुठीत धरला, आणि मूठ मिटेना. त्शुमूच्या किती वासरांचे खूर तिने मापले होते! जन्मल्यावर पहिल्या तासात, दोऱ्याने, वहीत लिहून. एवढा मोठा एकही नव्हता.

“बाकाने, हे कोणाचं आहे?”

बाकाने आभाळाकडे बघू लागला. पगार ओतुकिले देतो; आभाळ काहीच देत नाही, पण बघायला बरं.

“बाकाने!”

“पिवळ्याचं,” कुंपणापलीकडून आवाज आला.

ओतुकिलेची बायको उभी होती, मा-लेसेदी. तिच्या हातावर केबोनांगसाठी शिवलेला नवा निळा छापील झगा होता, नुकती इस्त्री केलेला. ती तो द्यायला निघाली होती आणि कालवडीचा आवाज ऐकून इकडे वळली होती.

“तू वजनकाटा आणायला मौन गावाला गेली होतीस ना, फेब्रुवारीत? पंधरा दिवस यांनी शेजारचा पिवळा आणून सोडला होता. म्हणाले, एका वेताची वासरं दिसली की सगळे आपोआप गप्प बसतील.”

“कालवडींवर? पहिलारू कालवडींवर?”

“मला काय कळतंय त्यातलं.” मा-लेसेदीने झगा दुसऱ्या हातावर घेतला. “लेसेदीच्या वेळेला मी दोन दिवस अशीच पडले होते. मग कापली मला. हा आवाज मला ऐकवत नाही, एवढंच कळतंय. तुझ्या दादाला सांग मी सांगितलं म्हणून. घाबरत नाही मी. नुसती कंटाळलेय.”

खोमोत्सोने पुन्हा हात घातला. वळवायला जावं तर कळ यायची आणि हात दाबून बधिर व्हायचा. रेंज मिळावी म्हणून वारुळावर चढून तिने गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो दीडशे किलोमीटरवर होता, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला. बाकानेचा पंजा फावड्याएवढा. अडलेलं वासरू आतल्या आत वळवणारा हात या ठाण्यावर एकच होता, लहान, चिवट, आणि तो दारातल्या चटईवर काळ्या बाहीत बसला होता. काळ्या कपड्यातली बाई गुरवाड्यात गेली तर गाई गाभ टाकतात, अशी समजूत. केबोनांगने वर्षभर आपली गुरं दुरूनच पाहिली होती.

तिने सगळं ऐकलं होतं. ती उठली आणि झाडाखाली आली.

“केइत्से, शब्द दे. काळं उतरवते आणि आत जाते.”

“दिला असता, मा-ओतुकिले. पण आधी वाटणी, मग शब्द. क्रम आहे तो.”

“मग कर वाटणी.”

“अशी घाईनं होते का?”

“कालवड मरतेय रे.”

“म्हणूनच शांतपणे घ्यावं,” धाकटा चुलता म्हणाला. त्याला मांस शिजलं की नाही याची काळजी होती.

तिने थोरल्या लेकाकडे पाहिलं. ओतुकिले आपल्या बुटांकडे बघत होता. लहानपणी दुधाचं मडकं फोडलं होतं तेव्हा तो असाच उभा राहिला होता, आणि तेव्हाही मार कुत्र्याने खाल्ला होता.

मामांच्या खुर्चीला दोन दोऱ्या टांगलेल्या होत्या. केबोनांगने दोन्ही उचलल्या.

“अगं, त्या माझ्या—”

“दोन पायांना दोन लागतात,” ती म्हणाली.

आणि काळ्या कपड्यात, डोक्यावरच्या काळ्या शालीसकट, ती गुरवाड्यात शिरली. झाडाखाली पहिल्यांदाच सगळे एकदम उठले. घर फुटण्याची आठवण कोणालाच राहिली नाही.

बाही खांद्यापर्यंत सरली नाही, तशीच हाताला चोळलेल्या तेलात बुडाली. केबोनांग मातीत आडवी झाली, गाल कालवडीच्या पुठ्ठ्याला टेकवला, डोळे मिटले. “थांब बाई, थांब. आता नको ढकलूस.” कळ ओसरली की वासराला आत रेटायचं, कळ आली की हात तसाच ठेवायचा आणि सोसायचं. तिसऱ्या खेपेला तिने खूर तळहाताच्या वाटीत घेतला, कातडी फाटू नये म्हणून, आणि पाय सरळ केला.

“दोरी. दुसरी. आता कळेबरोबर ओढा, मधे नाही. खाली, मागच्या पायांकडे.”

बाकानेने एक धरली, खोमोत्सोने एक. हलेना. तेवढ्यात खोमोत्सोच्या हातापुढे दोरीवर आणखी एक हात आला, घड्याळ घातलेला. ओतुकिलेने टाचा वाळूत रोवल्या. तिने त्याला जागा दिली. भावंडांनी एका दोरीला एकत्र हात लावल्याला वीस वर्षं झाली असतील.

वासरू आलं. पिवळं, थोराड, बैलासारख्या हाडाचं. केबोनांगने नाकातला चिकटा काढला, काडीने नाकपुडी टोचली. ते शिंकलं आणि मान हलवू लागलं.

“अबब!” कुंपणापाशी थोरला चुलता म्हणाला. “केवढं हे! याला म्हणतात वासरू!”

नालेदीने ते पाहिलं नाही. ती आतून फाटली होती. वाळू रक्त पिते, पण ते सगळं वाळूलाही पिववलं नाही. बाकानेने केबोनांगकडे पाहिलं, तिने मान हलवली, आणि त्याने सुरी आणली. हंड्यांत अजून जागा होती.

केबोनांग कुंपणाबाहेर आली. काळा झगा कमरेपर्यंत ओला आणि त्याहून काळा. भावकी दोन पावलं मागे सरली. मामा तिला बाजूला घेऊन गेले, गाडीच्या आडोशाला. आता हाक बदलली होती.

“ताई, काय केलंस हे? आता काळं कसं उतरवू? चुलते म्हणतायत, हिनं पाय टाकला आणि कालवड गेली. विटाळ घालवायला औषधी कांदा कुटून शिंपडला असता, पण जनावर मेलंय ना.”

“कालवड पिवळ्यानं मारली. सगळ्यांनी पाहिलं.”

“पाहिलं. पण थोरल्या लेकाला भावकीसमोर असं म्हणायचं? आजच? वारसा घ्यायच्या दिवशी?”

केबोनांग गाडीच्या चाकाला टेकली. ती दमली होती, आणि मोजतही होती.

“मग माझ्यावर घाल,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“सांग त्यांना, विधवा आत गेली म्हणून कालवड गेली. दंड म्हणून आणखी एक वर्ष काळं. म्हातारीनं कबूल केलंय म्हणावं. ओतुकिलेची अब्रू राहील, चुलत्यांचा रिवाज राहील. बदल्यात तू त्या चिरेचं खरं सांगायचंस. आत्ता, जेवणाआधी.”

“मला नीट आठवत—”

“केइत्से. त्या दिवशी कान धरायला तूच होतास. कालवडीनं लाथ मारली आणि तू रडलास. तेही सांगू का भावकीला?”

मामांनी टोपी काढली, परत घातली. ओतुकिलेने कबूल केलेली गाय त्यांच्या डोळ्यांपुढून चालत गेली असावी, कारण त्यांनी मोठा सुस्कारा टाकला.

“गुडघ्याला अजून खूण आहे,” ते म्हणाले.

खोमोत्सोने ऐकलं तेव्हा ती आईसमोर येऊन उभी राहिली, हात अजून लाल. “खोटं आहे हे! कालवड वासराच्या आकाराने मेली. मी आत्ता सगळ्यांसमोर सांगते. वजन करते वासराचं.”

“कर. वहीत लिही.” केबोनांगने लेकीच्या मनगटावरचं वाळलेलं रक्त नखाने खरवडलं. “पण बोलू नकोस. तुला गाई पाहिजेत का खरं पाहिजे? दोन्हीला पुरेल एवढी मी उरले नाही गं.”

खोमोत्सो वजनकाटा आणायला गेली.

मामांनी झाडाखाली उभं राहून दोन्ही गोष्टी सांगितल्या, दंडाची आधी, चिरेची मागून. लाथेचा उल्लेख त्यांनी केला नाही. चुलत्यांनी माना डोलावल्या. आईच्या नावावर कालवड पडली तेव्हा ओतुकिलेने तोंड उघडलं, सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो म्हणाला, “जेवून घेऊया.” मा-लेसेदी त्याच्या ताटात वाढायला आली नाही. त्याने स्वतःच वाढून घेतलं आणि खाल्लं नाही.

ऊन कलायच्या आत सगळे निघाले. काळं उतरलं नाही तरी मामा एक बैल घेऊन गेले, ट्रकमध्ये चढवून, एका दोरीने. दुसरी रक्ताने काठीसारखी कडक झाली म्हणून कुंपणावर राहिली. चुलत्यांनी एका जेवणात दोन जनावरं खाल्ली आणि उरलेलं डब्यातून नेलं. ओतुकिलेला त्रेचाळीस मिळाली, वळूसकट, आणि त्याच्याकडे बोट कोणीच दाखवलं नाही. खोमोत्सोची सकाळी एकोणीस होती, संध्याकाळी एकोणीसच: अठरा, आणि एक पिवळं वासरू, जे दुसऱ्या गाईला लावायचं होतं आणि ज्याचं रक्त तिला वेलात नको होतं. कागदावर पाहिलं तर कोणाचंच काही गेलं नव्हतं.

मा-लेसेदीने निळ्या झग्याच्या चार घड्या केल्या आणि तो पेटीच्या तळाशी ठेवला. केबोनांगने काळा झगा स्वतः धुतला, तीन पाण्यांतून, आणि तो वाळेपर्यंत घोंगडी पांघरून झोपडीत बसून राहिली. दुसरा काळा तिच्याकडे नव्हता. एका वर्षापुरताच लागेल, म्हणून एकच शिवला होता.